पाट आणि नदी यांच्यामध्ये वसलेले गाव

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा आखाजीच्या सणावर चार ओळी लिहाव्या असे प्रथम मनात आले होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी आम्ही गल्लीतल्या पाचसहाजणी नळाची वाट पाहत ओट्यावर बसलो होतो. हंडे-कळशा रांगेत मांडलेल्या होत्या. शेजारच्या घरात नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सूनबाईने मला सहज विचारले, "काकू, या गावाला एवढी नदी आहे, मग पाणी का नाही?" मुलगी कोकणातली. तिला वाटले ते तिने विचारले. मला मात्र तिला दोन वाक्यांत उत्तर देता येईना. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे धुळे गावाचा सारा इतिहासच सांगणे होय. तोच मला ठाऊक आहे तेवढा येथे सांगते. वाचक भगिनींनी गोड मानून घ्यावा.

धुळे हे फार प्राचीन नगर आहे असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. जुन्या धुळ्यातला किल्ला फारूकी राजांनी बांधला असे सांगतात, आणि गावापासून थोड्याच अंतरावरचा लळिंगचा किल्ला तर त्या राजांच्या काळी मोठ्याच महत्त्वाचा होता. पण आज आपण ज्याला धुळे म्हणतो, ती वस्ती खरे पाहता दोनशे-सव्वादोनशे वर्षांची आहे. १८०३ साली या मुलुखात भयंकर दुष्काळ पडला. होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट, आणि त्यांत पाऊस गेला. धुळे ओस पडले. घरांना कुलपे लावायलाही कोणी राहिले नाही असे म्हटले तरी चालेल. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत नावाचे गृहस्थ येथे आले आणि त्यांनी हे गाव पुन्हा वसविले. त्याबद्दल विंचूरकरांनी त्यांना इनाम जमीन आणि हक्क दिले, आणि पुढे सोनगीर व लळिंग या भागाचा सारा कारभारही त्यांच्याकडे सोपविला. हे बाळाजी बळवंत इंग्रजी अंमल येईपर्यंत धुळ्यासच राहून कारभार पाहत होते. गाव वसविणाऱ्या या माणसाचे नाव आज आपल्यापैकी कितीजणींनी ऐकले आहे? मीही ते फार उशिरा वाचले.

आता विचार करा. दुष्काळाने उजाड झालेले गाव एका वर्षात पुन्हा वसविता येते, ते कशाच्या बळावर? नुसत्या कौलाने माणसे येत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण पांझरेवरचे बंधारे आणि त्यांचे पाट हे होय. माणसे गेली, गुरे गेली, तरी दगडचुन्याचा बंधारा जागेवर राहतो. पाटातला गाळ काढला की पाणी पुन्हा वाहू लागते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा या प्रांताचा कारभारी म्हणून आला. नव्या जिल्ह्याचे ठाणे म्हणून त्याने धुळे निवडले. त्याने त्या वेळच्या धुळ्याचे जे वर्णन केले आहे ते मला फार बोलके वाटते. सभोवती बागायत असलेले, एका बाजूस पाट आणि दुसऱ्या बाजूस नदी यांच्यामध्ये कोंडलेले लहानसे गाव, असे त्याने ते पाहिले. १८१९ साली या गावात घरे होती ४०१ आणि माणसे २,५०९.

म्हणजे भगिनींनो, आज ज्या शहरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला रिक्षा करावी लागते, ते शहर पाट आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत मावत होते.

ब्रिग्जने १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली. लांबलांबून कारागीर आणले. व्यापाऱ्यांना आणि नव्याने येणाऱ्यांना घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, बांधकामासाठी उचलही दिली. आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना ज्या सरळ गल्ल्या आपण नंबराने ओळखतो, त्या नव्या धुळ्याच्या आखणीचे मूळ त्या काळात आहे. पुष्कळजण या गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या असे सांगतात. मीही लहानपणी तसेच ऐकले होते. परंतु ते १८८४ साली नोकरीला लागले, आणि नव्या धुळ्याचे सरळ रस्ते त्याच्या आधीच लिहून ठेवलेल्या वर्णनांत आढळतात. विश्वेश्वरय्यांचे पांझरेशी असलेले नाते वेगळे आहे. ते पुढे येईलच. १८७२ सालच्या गणतीत धुळ्याची वस्ती १२,४८९ झाली. त्रेपन्न वर्षांत गाव पाचपट वाढले. त्याच साली सप्टेंबरात पांझरेला असा पूर आला की शेकडो घरे वाहून गेली. पाण्याने वसविलेल्या गावाला पाण्याचा हा दुसरा चेहराही सोसावा लागला.

आता बंधाऱ्यांकडे वळू, कारण खरी गोष्ट तेथे आहे. पांझरा पिंपळनेरच्या वर सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, साक्री तालुक्यातून पूर्वेस वाहत धुळ्याला येते, पुढे उत्तरेस वळते आणि मुडावदजवळ कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीला मिळते. या वाटेवर ठिकठिकाणी, मोठमोठ्या धरणांच्या कितीतरी आधी, लोकांनी दगडचुन्याचे बुटके बंधारे घातले. नदीच्या पात्रात जेथे पक्का खडक उघडा पडला असेल तेथे, त्या खडकाच्याच वळणाने बंधारा जाई, म्हणून पुष्कळ बंधारे सरळ रेघेत नसून वेडेवाकडे दिसतात. बंधारा पाणी साठवीत नसे. वाहत्या नदीची पातळी हातभर उचलून ती पाटात वळविणे एवढेच त्याचे काम. एका बंधाऱ्याच्या पाण्याखाली जेवढी जमीन येई तिला थळ म्हणतात. हे बंधारे कोणी बांधले याविषयी गावोगाव वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कोणी फारूकींचे नाव घेते, कोणी मराठेशाहीतल्या सरदारांचे. निदान तीनशे वर्षांची ही रीत असावी असे जाणते लोक सांगतात. नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांच्या काठीही हीच रीत आहे. तिला नाव आहे फड.

माझे माहेर साक्रीकडचे. नदीकाठच्या गावातले. त्यामुळे फड म्हणजे काय हे मला पुस्तकात पाहावे लागले नाही. पण आपल्या मंडळातल्या पुष्कळ भगिनी शहरात वाढल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. थळाच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग करीत. तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक, एखादा विसाव्याला पडीक. पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. आणि यातली मुख्य गोष्ट अशी की, गावातल्या जवळजवळ प्रत्येक बागायतदाराच्या मालकीची एकेक पट्टी प्रत्येक फडात असे. कोणाची सारी जमीन पाटाच्या तोंडाशी आणि कोणाची सारी शेपटाशी, असे सहसा होत नसे.

यातले शहाणपण ज्याने शोधले तो मोठाच माणूस असला पाहिजे. पाटाच्या तोंडाशी असलेला शेतकरी आधी पाणी घेतो आणि शेपटाचा कोरडा राहतो, हे साऱ्या जगातले भांडण आहे. कोर्टकचेऱ्या होतात, डोकी फुटतात. आमच्या फडात तोंडाचा आणि शेपटाचा माणूस एकच! भांडायचे कोणाशी? पाणी कमी दिसले तर पंच ठरवीत की यंदा अमुक एवढ्याच फडाला पाणी द्यायचे. मग पाटलाची पट्टी कोरडी राही आणि गरिबाचीही. पाणी मुबलक आले तर दोघांचीही भिजे. दूरच्या स्पेन देशात व्हॅलेन्सिया शहरात पाटाच्या पाण्याचे तंटे तोडणारी शेतकऱ्यांचीच एक पंचायत दर गुरुवारी देवळाच्या दारात बसते. तिचे कौतुक जगभर होते, आणि ते योग्यच आहे. पण पांझरेकाठच्या पंचांचे कौतुक आपणही करावयाला हरकत नव्हती.

शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नाही हा दुसरा नियम. पाणी सोडणे, बारे उघडणे-बंद करणे, वाफ्यात फिरविणे हे सारे काम पाटकऱ्याचे. पाटकरी ओळीने पाणी देत जाई. आपली पाळी केव्हा येईल ते त्याच्या हिशेबावर. फडातल्या पिकाची राखण करायला जागल्या. त्याने गुरे हाकलायची, चोरी धरायची. या सर्वांवर एक हवालदार. यांचा मेहनताना पिकातून, पेंढ्यांत आणि मापांत मिळे. पाटकरी शेतकऱ्याच्या घरचा नोकर नसून साऱ्या थळाचा नोकर असे, म्हणून तो कोणाला फार भीत नसे. माझ्या वडिलांना आमच्या पाटकऱ्याने एकदा भर चावडीवर सुनावले होते, "तुमची पाळी परवा. आज पाट फोडला तर पंचांपुढे उभे करीन." वडील घरी येऊन हसत होते, पण परवाच्या दिवसापर्यंत थांबले मात्र.

येथे एक कबुली दिली पाहिजे. हे सारे गोड वर्णन झाले, पण या व्यवस्थेत बायका कोठे होत्या? निंदणी-खुरपणी बायकांची. भाताची लावणी बायकांची. उसाच्या फडात वाढे गोळा करणे, गुऱ्हाळावर राबणे, भाकरी पोचविणे, सारे बायकांचे. पण पंचात बाई नाही, पाटकरी बाई नाही, आणि वहीत बाईचे नाव नाही.

वहीवरून आठवण निघाली. दरवर्षी पावसाळ्यानंतर पाटातला गाळ आणि झाडोरा काढावा लागे. ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याने माणसे पाठवावयाची. ज्याचा माणूस येणार नाही त्याच्याकडून दंड. हे सारे एका वहीत लिहिले जाई. माझे आजोबा ऐन तिशीत वारले. घरात कर्ता पुरुष नाही, वडील तेव्हा चार वर्षांचे. आजीला आम्ही मोठी माय म्हणत असू. दिवाळीनंतर पाट काढण्याची दवंडी झाली. भाऊबंदांपैकी एकाने सुचविले की, तुझ्याकडून माणूस येत नाही, तर तुझ्या पट्ट्या आम्ही करतो, तुला वर्षाचे धान्य देऊ. मोठी माय काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर पाटी आणि खांद्यावर फावडे घेऊन ती पाटावर जाऊन उभी राहिली. पुरुषांच्या रांगेत एकटी बाई. पंचांपैकी कोणी तरी म्हणाले, "बाई, तुमचा माणूस कोठे आहे?" तिने सांगितले, "माणूस नही, ते मी शे ना."

पंच आपसांत बोलले. परत जा असे कोणी म्हटले नाही. तिला पाटाचा तुकडा मोजून दिला, तिने संध्याकाळपर्यंत तो काढला. ती सांगे की त्या दिवशी हातांना इतके फोड आले होते की रात्री भाकरी थापता आली नाही, शेजारणीने थापून दिली. पुढे वडील हाताशी येईपर्यंत अकरा वर्षे ती दरवर्षी पाटावर गेली. त्या अकरा वर्षांत तिच्या पट्ट्यांना पाणी मिळाले नाही असे एकदाही झाले नाही. भाऊबंद बलवान होते, ती एकटी होती, पण पाणी सोडणे भाऊबंदांच्या हातात नव्हते, पाटकऱ्याच्या हातात होते. प्रत्येकाने आपले पाणी आपण घ्यायचे अशी रीत असती तर त्या विधवेची जमीन दुसऱ्या वर्षी कोरडी पडली असती आणि तिसऱ्या वर्षी गेली असती, असे मला पक्के वाटते. मी शाळेत गेले, शिकले, आज हे चार शब्द लिहिते आहे, ते त्या पाण्यावर.

असो. फार घरगुती झाले. विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगायची राहिली होती.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. पुढे म्हैसूरचे दिवाण आणि भारतरत्न झालेल्या या पुरुषाला नोकरीच्या आरंभी खानदेशात पाठविले होते, आणि त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होते पांझरेच्या एका पाटाचे पाणी पात्राखालून नळाने पलीकडे नेण्याचे, म्हणजे सायफनचे. साक्री तालुक्यात दातर्ती येथे लोक आजही ती जागा अभिमानाने दाखवितात. सायफन म्हणजे काय, तर एका काठावरचे पाणी नळातून खाली उतरते आणि पलीकडच्या काठावर आपोआप वर चढते, मात्र चढणाऱ्या तोंडाची पातळी थोडी खालची हवी. काम चालू असता पाऊस सुरू झाला, पात्रात गाळ आणि वाळू भरू लागली. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळविले की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे. वरिष्ठांना ते आवडले नाही, त्यांनी शिस्तीवरून खरमरीत पत्र लिहिले. मग विश्वेश्वरय्यांनी भर पावसात काम नेटाने चालवून पुरे केले. खुद्द त्यांनीच ही हकीकत पुढे आपल्या आठवणींत सांगितली आहे. मला यातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इंग्रज सरकारचे इंजिनिअर जेव्हा आले तेव्हा त्यांना पांझरेकाठी नवे काही निर्माण करावे लागले नाही. पाट होते, थळे होती, फड होते, पाटकरी होते. त्यांनी डागडुजी केली, कोठे सायफन घातला, कोठे तोंड पक्के केले. मूळ विद्या गावकऱ्यांची.

१९०० साली चाळीसगावाहून धुळ्यापर्यंत आगगाडी आली. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे ठाणे झाले. कापसाचा व्यापार वाढला, गिरणी आली, शाळा-कॉलेजे आली. गाव पाटावर अवलंबून राहिले नाही. हा भाग आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो विस्ताराने सांगत नाही.

फड मोडले ते कोणी मोडले? याचे उत्तर कोणा एकाकडे बोट दाखवून देता येत नाही, आणि तेच मनाला लागते. स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगाला धरणे झाली. पिंपळनेरजवळ लाटीपाड्याचे, कान नदीवर मालनगावचे, आणि फार उशिरा खाली अक्कलपाड्याचे. धरणे नको होती असे मी म्हणणार नाही. ज्या गावांना नदी नव्हती त्यांनाही पाणी हवे होते. पण नदी बारमाही वाहते या गृहीतावर बंधारे उभे होते, आणि वर पाणी अडल्यावर खाली हिवाळ्यातच पात्र कोरडे पडू लागले. पाणी सुटेल तेव्हा येणार, आणि ते केव्हा सुटणार हे आता गावचे पंच ठरवीत नव्हते. दुसरीकडे विजेच्या मोटारी आल्या. ज्याला परवडले त्याने नदीकाठी विहीर खणली, मोटार बसविली आणि आपल्या पट्टीत आपल्याला हवे ते पीक घेतले. एकाने फडात वेगळे पीक घेतले की पाटकऱ्याचा हिशेब मोडतो. शेजारच्या गव्हाला पाणी नको असते तेव्हा याच्या उसाला हवे असते. मग दुसराही विहीर खणतो. माझ्या सख्ख्या भावांनीही खणली. त्यांना मी दोष कसा देऊ? त्यांच्या मुलांच्या फिया त्या मोटारीच्या पाण्यावर भरल्या गेल्या. भाडण्याला पांझरा-कान कारखाना निघाला तेव्हा उसाला तेजी आली, पुढे तो कारखानाही बंद पडला. वाटण्या झाल्या, चार फडांतल्या चार पट्ट्या चार भावांनी एकेक करून वाटून घेतल्या, आणि तोंडाचा माणूस वेगळा, शेपटाचा माणूस वेगळा झाला. कागदावर ही किती लहान गोष्ट! पण फडाचे सारे मर्म त्या एका गोष्टीत होते.

सगळीकडेच सारे संपले असे मात्र नाही. काही गावांत फड अजून टिकून आहेत, आणि पावसाळा चांगला झाला की पाटाला पाणी येते. सरकारने २००५ साली कायदा करून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे पाटाचा कारभार द्यायचे ठरविले. वाचून मला जरा हसू आले आणि जरा वाईट वाटले. आपल्याच घरातली जुनी पातेली कल्हई करून कोणी आपल्याला विकायला आणावी, तसे ते झाले.

आता सूनबाईच्या प्रश्नाकडे येते. गावाला नदी आहे, मग पाणी का नाही? आपण जे पाणी पितो त्यातले काही डेडरगावच्या तलावातून येते. काही नकाण्याच्या तलावातून, आणि नकाण्यात पांझरेचेच पाणी कालव्याने आणलेले असते. बरेचसे येते ते थेट तापीवरून, शिंदखेडे तालुक्यातल्या बाभळे येथून, कितीतरी मैल नळातून वर चढवून. म्हणजे जी पांझरा आपल्या उंबऱ्याजवळून वाहत जाऊन तापीला मिळते, तिच्याकडे पाठ करून आपण तापीचे पाणी विजेने उलटे ओढून आणतो. आणि आपल्या पांझरेत आपण काय सोडतो, ते देवपूरच्या पुलावरून नाकाला पदर लावून जाणाऱ्या भगिनींना मी सांगायला नको. श्रावणात कानबाईला निरोप द्यायला नदीवर जातो, चैत्रात एकवीरादेवीच्या यात्रेला त्याच काठावर जातो. माझ्या सासूबाई कानबाईच्या वेळी नदीत गुडघाभर पाण्यात उभ्या राहत. मी गेल्या वर्षी पायाला चिखल लागू नये म्हणून दगड शोधत होते.

हे सर्व मी त्या मुलीला सांगितले तेव्हा नळ आला होता, त्यामुळे गोष्ट अर्धीच राहिली. पुढे दिवाळीत माहेरी गेले असता तिलाही बरोबर नेले. तिला बंधारा पाहायचा होता. बंधारा जसाच्या तसा उभा आहे. दगड हललेला नाही. पाटात वेड्या बाभळी वाढल्या आहेत. भावाने माळ्यावरून एक गाठोडे काढून दिले. त्यात थळाच्या दोन जुन्या वह्या निघाल्या, एक वाळवीने अर्धी खाल्लेली, दुसरी धड. भाऊ म्हणाला, रद्दीत जाणार होत्या, तुला हव्या तर ने. त्या धड वहीत पाट काढण्याच्या हजेऱ्या आहेत. मी आजोबांचे नाव शोधले. ते सापडले. ज्या साली ते वारले त्याच्या पुढच्या सालीही त्यांचे नाव आहे, त्याच्या पुढच्या सालीही आहे, आणि त्यासमोर हजर अशी खूण आहे. अशी अकरा साले.

सूनबाईने विचारले, "मेलेला माणूस हजर कसा?" मी तिला मोठ्या मायची गोष्ट सांगितली.

आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहून त्यांनी जमविलेले कागद जपले गेले. ते गावोगाव फिरून दप्तरे आणि गाठोडी मिळवीत. आपण तेवढे करू शकणार नाही. पण आपल्यापैकी बहुतेकींची माहेरे-सासरे पिंपळनेर, सामोडे, साक्री, कासारे, नेर, अकलाड, न्याहळोद, कौठळ अशा नदीकाठच्या गावांत आहेत. तेथल्या माळ्यांवर अशा वह्या असतील. पाट काढण्याच्या हजेऱ्या, दंडाच्या नोंदी, पाटकऱ्याला दिलेल्या पेंढ्यांचा हिशेब, काहीही असले तरी चालेल. घरातल्या पुरुषमंडळींना त्या रद्दी वाटतील. साफसफाईच्या दिवसांत त्या दारावरच्या रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा मंडळात आणून दाखवाव्या. आजीच्या, सासूच्या तोंडून पाटाच्या गोष्टी ऐकल्या असतील तर त्याही लिहून आणाव्या. लिहिता येत नसेल तर सांगाव्या, आम्ही लिहून घेऊ. माझ्याजवळची वही मंडळाच्या कपाटात दुसऱ्या खणात ठेवली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी शनिवारी दुपारी तीननंतर यावे. अकरा सालांची ती पाने उघडली की आधी हात धुऊन कोरडे करावे एवढीच विनंती, कागद फार जीर्ण झाला आहे.